घरच्या डायनोला ब्रेक कुठला लावायचा: नऱ्ह्याच्या शेडमधलं एक प्रकरण

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पुण्यातल्या नऱ्ह्याच्या शेडमध्ये जो उद्योग चालला होता तो एकदा सगळा लिहून टाकतो, कारण चार जण विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना मी अर्धं विसरतो. विषय एवढाच की घरी बनवलेल्या इंजिन डायनोला, म्हणजे इंजिनला ब्रेकने अडवून त्याची पॉवर मोजणाऱ्या यंत्राला, ब्रेक कुठला लावायचा. फ्रेम जमते, सेन्सर जमतो, वायरिंग तर कॉलेजची पोरंही करून देतात, घोडं पेंड खातं ते ब्रेकपाशी. आमचं तिथे सात महिने खाल्लं.

सुरुवात भांडणातून झाली. जवळच्याच गल्लीतला एक पोरगा जुनी कार्बोरेटरवाली पल्सर १५० घेऊन आला, मोकळा सायलेन्सर लावलेला, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) बदललेलं, आणि म्हणे दादा दोन हॉर्सपॉवर नक्की वाढलेत, जाणवतं ना. माझा पार्टनर म्हणाला आवाज वाढलाय बाळा, पॉवर नाही. झालं, पोरगा पेटला, पार्टनर त्याहून पेटला. दोघांकडेही पुरावा नाही. आमच्याकडे तसंच एक इंजिन भंगारातून आणून उघडून परत बांधलेलं पडलं होतं, तर म्हटलं हे स्टँडवर बसवू, याच्यावर दोन्ही सायलेन्सर लावून मोजू, विषय संपवू. एका रविवारचं काम आहे असं मी म्हणालो होतो, ते वाक्य पार्टनर अजून ऐकवतो.

आधी किती जोर अडवायचाय ते बघू. या इंजिनची कंपनीची आकडेवारी, पॉवर १५ पीएस ९००० आरपीएमला आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साडेबारा न्यूटन-मीटर ६५०० ला. १५ पीएस म्हणजे साधारण ११ किलोवॅट. आम्ही मोजणार गिअरबॉक्सनंतर, चेन फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चाकावरून, म्हणजे स्प्रॉकेटवरून, म्हणून इंजिन टॉप गिअरला टाकलं, स्प्रॉकेटवर खडूची खूण केली आणि क्रँकवर पाना लावून फिरवत गेलो, क्रँकचे सात फेरे झाले तेव्हा स्प्रॉकेटचे जवळपास दोन. म्हणजे साडेतीनला एक. मग स्प्रॉकेटवर टॉर्क साडेतीनपट, ४४ न्यूटन-मीटरपर्यंत, आणि फेरे साडेतीनने कमी, ९००० चे २५७० च्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा तमाशा याच्यावर आहे. आणि एक सूत्र, किलोवॅट म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, ते मी शेडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवलंय.

पहिला विचार अर्थातच डिस्क ब्रेकचा. सगळ्यांचा तोच असतो. नाना पेठेतून पुढच्या चाकाची डिस्क आणि कॅलिपर आणला, शाफ्टवर डिस्क, कॅलिपर शाफ्टभोवती मोकळ्या फिरणाऱ्या पाळण्यावर, पाळण्याला लोखंडी हात, हाताखाली लोड सेल, म्हणजे हात किती जोराने दाबतो ते मोजणारा सेन्सर. दिसायला एकदम झकास. फोटो पण काढले.

पहिल्याच फुल थ्रॉटलला दोन गोष्टी कळल्या. एक तर उष्णता. ब्रेकने अडवलेली सगळी पॉवर उष्णता होते, एक वॅटही कुठे गायब होत नाही, आणि ही डिस्क काट्यावर एक किलो भरली होती. लोखंडाचा एक किलो एक अंश तापवायला अर्धा किलोज्यूल लागतो. दहा किलोवॅट ओतलेत तर दर सेकंदाला २० अंश. पंधरा सेकंदात तीनशे अंश वर. गाडीवर हे चालतं कारण तिथे आपण तीन सेकंद ब्रेक मारतो आणि मग वारा लागतो, इथे डिस्क एका जागी उभी आणि इंजिन अखंड ढकलतंय. डिस्क निळी पडली, पॅडचा तो जळका वास शेडभर, आणि लिव्हर एकदम मऊ झाला कारण कॅलिपरमधलं तेल उकळलं. साधं डॉट ३ तेल कोरडं असताना २०५ अंशांच्या आसपास उकळतं, आमचं तर किती जुनं होतं देव जाणे.

पण उष्णतेवर काहीतरी करता आलं असतं. दोन डिस्क लावा, पाणी मारा, वगैरे. खरी गोची दुसरी होती आणि ती कळायला आम्हाला महिना लागला. डिस्क ब्रेकवर इंजिन एका आरपीएमला थांबतच नव्हतं. ५००० वर धरायला जावं, लिव्हर जरा दाबला की ४८००, ४५००, ४००० आणि धप्प, बंद. जरा सोडला की थेट ८०००. मधे काही नाहीच. पार्टनर म्हणाला तुझा हात थरथरतो. मग त्याने धरलं, त्याचंही तेच.

कात्रजच्या घाटात टॉप गिअरला गाडी रेटत राहिलात तर काय होतं तसंच हे. चढ काही कमी होत नाही, गाडीचा वेग जरा पडला की इंजिनचा दम पडतो, दम पडला की वेग आणखी पडतो, शेवटी गाडी मरते. घर्षणाचा ब्रेक म्हणजे हा चढ. तुम्ही जेवढा दाबाल तेवढा टॉर्क तो घेणार, मग फेरे हजार असोत की तीन हजार, त्याला फरक पडत नाही. आणि आपलं इंजिन ६५०० च्या खाली फेरे कमी तसा टॉर्क कमी देतं. म्हणजे फेरे पडले की देणारा हात आखडतो, घेणारा तेवढाच घेतो. इंजिन मरणारच. ६५०० च्या वर उलट आहे, तिथे फेरे पडले तर टॉर्क वाढतो, इंजिन स्वतःला सावरतं, म्हणून ७५०० ला आमचा डिस्क ब्रेक बऱ्यापैकी टिकायचा आणि आम्हाला वाटायचं अरे आत्ता तर चाललं होतं!

इथे माझ्या डोक्यात कॉलेज आलं. ज्याने कुणी महाराष्ट्रात मेकॅनिकल केलंय, डिप्लोमा का होईना, त्याने ते किर्लोस्करचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन बघितलंय, पाच हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम, फ्लायव्हीलशेजारी ड्रम, ड्रमवर दोर, एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा, आणि एक पोरगा मगाने ड्रमच्या आत पाणी ओततोय. दोराचा ब्रेक म्हणजे पण घर्षणच की. मग तो कसा व्यवस्थित चालायचा? आम्ही तर वजन टाकायचो, चहा पिऊन यायचो, इंजिन आपलं १५०० वर ठाम. दोन दिवस डोकं खाल्लं या प्रश्नाने आणि मग आंघोळ करताना लख्खकन कळलं, गव्हर्नर! त्या इंजिनला गव्हर्नर आहे. फेरे दहा-वीसने पडले की तो लगेच डिझेल वाढवतो. म्हणजे स्थिर ठेवण्याचं काम दोर करतच नव्हता, गव्हर्नर करत होता, दोर आपला नुसता चढ. आपल्या पल्सरला थ्रॉटल उघडा बांधून ठेवलाय, सावरायला कुणी नाही, म्हणून ते काम ब्रेकनेच केलं पाहिजे. फेरे वाढले की ब्रेकने आपोआप जास्त घ्यायचं, पडले की कमी घ्यायचं, आणि ते इंजिनच्या बदलापेक्षा जोरात. इतकी साधी गोष्ट लॅबच्या जर्नलमध्ये कुणी लिहून घेतली नाही, ओढून काढलेले ग्राफ मात्र दहा.

हे कळल्यावर यादी एकदम छोटी झाली. पाण्याचा ब्रेक पहिला आठवतो, विल्यम फ्राउडने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी काढलेला, त्याचा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट फेऱ्यांना चौपट टॉर्क आणि आठपट पॉवर. स्थिरतेला याच्याइतकं चांगलं काही नाही. पण ते कप्प्या-कप्प्यांचं रोटर-स्टेटर, म्हणजे आतला फिरता आणि बाहेरचा स्थिर भाग, कोण पाडून देणार? शेजारच्या लेथवाल्याला स्केच दाखवलं, त्याने ते उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं आणि विचारलं "दादा, हे किती नग लागणार?" एक म्हटल्यावर त्याने कागद परत दिला.

मग पार्टनरची आयडिया, शेतातला सेंट्रिफ्यूगल पंप घेऊ, रोटर तयारच मिळतो, पाणी टाकीतून टाकीत फिरवू. वाईट नाही वाटली. हिशोब करून बघितला. २५७० फेऱ्यांना १० किलोवॅट खाणारा पंप हवा, तो २९०० च्या मोटरवर साडेचौदा किलोवॅटचा ठरतो, म्हणजे २० हॉर्सपॉवरचा पंप. सेकंडहँड मिळाला असता. पण खाली या. इंजिन ५००० वर म्हणजे पंपावर १४३० फेरे, तिथे हाच पंप खाणार १.७ किलोवॅट आणि इंजिन तिथे देतंय सहाच्या आसपास. अडवणार कसं? वरच्या टोकाला बेतलेला वर्गवाला ब्रेक खालच्या टोकाला पोकळ निघतो. आणि व्हॉल्व्ह बंद केला तर लोड वाढेल असं वाटतं ना, सेंट्रिफ्यूगल पंपात उलट होतं, डिलिव्हरी बंद केली की तो कमी पॉवर घेतो. पार्टनर मानायला तयार नव्हता, मग त्याला गावाकडच्या मोटरवर अँपिअर मीटर बघायला लावलं.

पाण्याच्या उष्णतेची मात्र भीती नको. मिनिटाला पाच लिटर पाणी तीस अंशांनी तापवलं की १० किलोवॅट गेले. हजार लिटरची टाकी फिरवत ठेवली तर दहा मिनिटांनी दीड अंशही तापत नाही. आमच्याकडे अडचण पाण्याच्या गरमीची नाही, पाण्याचीच आहे. एप्रिलमध्ये नऱ्ह्यात टँकर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की कुठल्याही भांड्यात पांढरा थर धरतं.

एडी करंट, म्हणजे बसला असतो तो विजेचा रिटार्डर. हा एक कुदळवाडीकडच्या भंगारवाल्याकडे बघितला. सुंदर वस्तू. चक्ती फिरते, कॉइलला करंट दिला की चक्तीत भोवरे उठतात आणि ती जड होते, करंट कमी-जास्त करून लोड हवा तसा, घासणारं काहीच नाही. मोठ्या टेस्ट सेलमध्ये हेच असतं आणि पैसे असते तर मीही हेच लावलं असतं, यात आढेवेढे नाहीत. पण तो मोठ्या बसचा होता, त्याची ताकद हजार न्यूटन-मीटरच्या घरातली, आमची गरज ४४. हत्तीच्या काट्यावर कोथिंबिरीची जुडी. शिवाय चक्त्यांचं वजन एवढं की इंजिनला आधी तेच फिरवत बसायला लागणार. चार माणसं लागली असती उचलायला आणि भंगारवाला तांब्याच्या भावाने पैसे मागत होता. नमस्कार करून आलो.

अल्टरनेटर आणि पाण्याचे हीटर हा पर्याय दोघातिघांनी सुचवला. गाडीचा अल्टरनेटर सोडा, १२ व्होल्ट ६५ अँपिअर म्हणजे पाऊण-एक किलोवॅट, त्यात काही होत नाही. जनरेटरचा मोठा अल्टरनेटर १५०० फेऱ्यांना बेतलेला, आम्हाला १४०० ते २६०० पर्यंत फिरवायचाय, २६०० ला त्याचं काय होईल ते बघायला मी शेजारी उभा राहणार नाही.

तर दिवाळी झाली, सगळं बंद पडलं, डिस्कवाली फ्रेम कोपऱ्यात, तिच्यावर लोक हेल्मेट ठेवायला लागले.

आमच्या मागच्या शेडमध्ये एक काका आहेत, हायड्रॉलिक पॉवर पॅक दुरुस्त करतात, भोसरीत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस. गुरुवार होता, लाईट नव्हती, त्यामुळे दोन्ही शेडमधले सगळे बाहेर कट्ट्यावर. काका चहा पिता पिता म्हणाले, "अरे ते तुमचं यंत्र कुठवर आलं?" मी सगळी रडकथा सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला शाफ्ट अडवायचाय एवढंच ना? गिअर पंप लाव की. तोंड आवळलं की अडला."

"काका, पण तुम्ही म्हणता तसं रिलीफ व्हॉल्व्ह लावून प्रेशर सेट केलं तर..."

"रिलीफ कोण म्हणालं? ऐकून तर घे."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात इतक्या सोप्यात वाचलं नाही. गिअर पंप एका फेऱ्याला ठरलेलं तेल ढकलतो, बास. त्याला फिरवायला लागणारा टॉर्क फक्त दोन गोष्टींवर, पंप किती सीसीचा आणि प्रेशर किती. सीसी गुणिले बार भागिले ६२.८, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. आता प्रेशर कशाने तयार करायचं हा खेळ आहे. रिलीफ व्हॉल्व्हने, म्हणजे ठरलेल्या प्रेशरला उघडून तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हने, केलं तर प्रेशर एकच राहतं, फेरे काहीही असोत, म्हणजे टॉर्क एकच, म्हणजे पुन्हा तोच डिस्क ब्रेक, तोच घाट. पण साध्या छोट्या भोकातून तेल ढकललं तर तेलाचा प्रवाह दुप्पट झाल्यावर प्रेशर चौपट होतं, म्हणजे टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाने. पाण्याच्या ब्रेकचा गुण फुकटात! आणि भोक लहान करत गेलात तर कितीही कमी फेऱ्यांना हवा तेवढा टॉर्क, कारण हा पंप तेलाला मागे सटकू देत नाही. म्हणजे खालच्या टोकाला पोकळ निघत नाही. मी तिथेच पेन मागितलं आणि त्यांच्याच चलनबुकाच्या मागे आकडेमोड केली, काका ओरडले ते वेगळं.

त्यांच्याकडे ३२ सीसीचा पंप पडून होता. ४४ न्यूटन-मीटरला ३२ सीसीवर ८६ बार. हा पंप दोनशेच्या वर झेपणारा, म्हणजे निवांत. २५७० फेऱ्यांना मिनिटाला ८२ लिटर तेल, फेऱ्यांची मर्यादा तीन हजार, तीही बसते. उष्णता? साठ लिटर ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घेतलं तर १० किलोवॅटला मिनिटाला सहा अंश. एका पॉइंटला वीस सेकंद, असे दहा पॉइंट, साडेतीन मिनिटं, वीस अंश वाढ. डिस्क सेकंदाला जेवढी तापत होती तेवढं तेल साडेतीन मिनिटांत तापणार. कूलरही नको, मधे चहा प्यायचा. पंपाचे साडेचार हजार रुपये आणि वर "नीट झालं तर दे" असं म्हणाले.

सोळा सीसीचा पंप घेतला असता तर तेलाचा प्रवाह अर्धा झाला असता पण प्रेशर दुप्पट, १७० च्या वर, आणि एवढ्या प्रेशरच्या होजशेजारी आम्हा दोघांना उभं करायला काका तयार नव्हते. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं, कुठे बारीक धार दिसली तर हात लावून बघायचा नाही, पुठ्ठा धरून बघायचा, तेल कातडीतून आत घुसतं आणि मग बोट कापायची वेळ येते. त्यांच्या ओळखीत घडलेलं होतं, त्यामुळे सांगताना हसत नव्हते.

आता बांधणी. चेनचा ताण गिअर पंपाच्या शाफ्टवर येऊ द्यायचा नाही, त्याच्या आत साधे बुश असतात, आडवा ओढ त्यांना सोसत नाही. म्हणून इंजिनच्या चेनने एक वेगळा शाफ्ट फिरवला, दोन प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या बैठकींवर), दोन्हीकडे सारख्या दातांचे स्प्रॉकेट, आणि त्या शाफ्टला लव्हजॉय कपलिंगने पंप. पंप स्वतः पाळण्यावर, डिस्कवाला पाळणा इथे कामाला आला. पाळण्याला ३०० मिलिमीटरचा हात, हाताखाली ५० किलोचा एस टाइप लोड सेल. प्रेशर आवळायला नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे ते भोक हवं तेवढं बारीक करणारा व्हॉल्व्ह, आणि शेजारी रिलीफ व्हॉल्व्ह १२० बारवर, तो लोड द्यायला नाही, जीव वाचवायला. चेन आणि कपलिंगवर तीन मिलिमीटर पत्र्याचं कव्हर. एअरकूल इंजिन असल्यामुळे समोर मोठा ब्लोअर, आणि धूर पाईपने बाहेर, शेडचं शटर पूर्ण वर. होज फुटला तर लोड क्षणात गायब होतो आणि इंजिन सुसाट सुटतं, म्हणून फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर चालू आहे ना हे आधी तपासलं आणि किल स्विच माझ्या हातात.

पहिल्या दिवशी ५००० वर धरलं आणि इंजिन थांबलं. म्हणजे बंद नाही पडलं, ५००० वर थांबलं! व्हॉल्व्हवरचा हात काढला तरी तिथेच. पार्टनरने मला मिठी मारली, तेलकट हातांनी.

मग वर गेलो आणि ६००० च्या पुढे पंपातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, आकडा खाली, टाकीतलं तेल ताकासारखं पांढरं. काकांना हाक मारली. त्यांनी लांबूनच ऐकलं आणि म्हणाले, "उपाशी आहे तो. खायला घाला." सक्शनचा, म्हणजे पंप टाकीतून तेल ओढतो तो पाईप आम्ही एक इंची लावला होता कारण तो घरात होता. मिनिटाला ८२ लिटर एक इंचीतून ओढायचे म्हणजे सेकंदाला २.७ मीटर वेग, सक्शनला एक मीटरच्या आसपास पाहिजे. दीड इंची पाईप घेतला, टाकी पंपाच्या वर चढवली म्हणजे तेल आपोआप खाली येईल, आणि रिटर्नचं तोंड तेलाच्या आत बुडवलं, वरून धार पडत होती त्याने पण फेस होत होता. खडे गेले.

दुसरं लफडं जास्त चावट. आकडे स्थिर यायला लागले म्हणून आम्ही खूश, आणि मी सहज प्रेशर गेजवरून टॉर्क काढला. ६८ बार, ३२ सीसी, ३४.६ न्यूटन-मीटर. लोड सेल म्हणतोय ३१. थांबा. पंप फिरवायला लागणारा टॉर्क हा नुसत्या तेलाच्या हिशोबापेक्षा नेहमी थोडा जास्तच असणार, आतलं घर्षण आहे ना. कमी कसा? कमी असेल तर पंप फुकट पॉवर बनवतोय. लोड सेल काढून पुन्हा वजनं लावली, जिममधल्या पाच किलोच्या प्लेटा, किराणावाल्याच्या काट्यावर आधी तोलून घेतलेल्या, बरोब्बर दाखवतोय. इंजिन चालू की चूक. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मी इंजिन चालू असताना होजवर टॉर्च मारून बघत होतो आणि पार्टनरने व्हॉल्व्ह आवळला, तर पंपातून बाजूला निघणारा वाकडा होज सापासारखा जरा सरळ झाला. प्रेशर आलं की वाकलेला होज सरळ व्हायला बघतो, आणि तो पाळण्याला धरून उलट्या बाजूला ढकलत होता! वजनं लावताना होजमध्ये प्रेशर नव्हतं म्हणून तेव्हा सगळं बरोबर. दोन्ही होज शाफ्टच्याच रेषेत मागे काढले आणि लांब सैल वळसा दिला, म्हणजे ओढले तरी पाळणा फिरवणार नाहीत. आता त्याच ६८ बारला ३७. घर्षणासकट बसतं ते.

ज्यांना हे बांधायचंय त्यांनी प्रेशर गेज आणि लोड सेल दोन्ही ठेवा, एकाची चोरी दुसरा पकडतो.

नीडल व्हॉल्व्हचं एक राहिलं. पाऊण इंची व्हॉल्व्हला शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात सगळा लोड येतो, नखभर फिरवला की हजार आरपीएम इकडे तिकडे. शेजारी एक छोटा पाव इंची जोडला, मोठ्याने जवळ न्यायचं आणि छोट्याने टिपायचं. आणि थंड तेलावर मोजायचं नाही, डिसेंबरच्या सकाळी तेल काकवीसारखं असतं, गरम होत जातं तसा त्याच सेटिंगला आकडा सरकतो. आम्ही ४० अंशांना सुरू करतो, ६० ला थांबतो.

निकाल. स्टँडर्ड सायलेन्सरवर ८८०० ला स्प्रॉकेटपाशी ८.९ किलोवॅट. अकरा कुठे गेले म्हणून पोरगा उड्या मारायला लागला. गिअरबॉक्स आणि चेन आपला वाटा घेतात, इंजिन काही नवं नाही, आणि पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण साडेसहा टक्के कमी, तेवढी हवाच कमी जाते सिलिंडरमध्ये. त्यासाठी गुणक लावतात, आम्हीही लावून बघितला, पण खरं सांगू का, गिअरबॉक्सचे अमुक टक्के धरून क्रँकचा आकडा सांगणं मला पटत नाही. आधी किती, नंतर किती, त्याच दिवशी, त्याच तेलाच्या तापमानाला, एवढंच या यंत्राला विचारावं.

त्याचा मोकळा सायलेन्सर आणि त्याचं जेट लावलं, ८८०० ला ९.१. म्हणजे वाढ ०.२ किलोवॅट, पाव हॉर्सपॉवर. आणि ५५०० ला टॉर्क ३५.५ वरून ३३ वर आला. पोरगा म्हणाला बघा वाढली की नाही, पार्टनर म्हणाला सिग्नलवरून निघताना घटली, आणि दोघंही खूश होऊन पुन्हा भांडायला लागले, तर या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही.

काकांना पंपाचे पैसे दिले तेव्हा ते म्हणाले, माझी लूना लावून बघू का एकदा, घरात पडून आहे. मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही होजमधूनच सहा-सात बार तयार होतात, म्हणजे पंप रिकामा फिरवायलाच तीन-साडेतीन न्यूटन-मीटर, दोन हजार फेऱ्यांना पाऊण किलोवॅट. लूनाचं ५० सीसीचं बिचारं इंजिन देणार दीडच्या आत. अर्धी ताकद मोजण्याआधीच गेली. काकांना म्हटलं, काका, तिला हा पंप जड होईल.

ते म्हणाले, "माझ्याकडे सहा सीसीचा पण आहे."